‘ठ’मधले भोक धरून किती?

दुचाकीच्या टाकीवर नाव, ट्रकच्या माथ्यावर कुलदैवत आणि ट्रॉलीच्या फळीवर आई-बाबांचा आशीर्वाद चिकटवून देण्याचा माझा व्यवसाय कराडमध्ये गेली अकरा वर्षे चालू आहे. म्हणजे काम चालू आहे, त्याला व्यवसाय म्हणावे की नाही याबद्दल घरात एकमत नाही. मागे गोंद असलेल्या ज्या रंगीत पापुद्र्यातून मी अक्षरे कापतो त्याला व्हिनाइल म्हणतात, पण आमच्याकडे हे नाव फक्त घाऊक व्यापाऱ्याच्या बिलावर दिसते. गिऱ्हाईक रेडियम म्हणते, मीही रेडियमच म्हणतो. पिएर आणि मेरी क्यूरी यांनी १८९८ साली जे रेडियम शोधले त्याचा कणही माझ्या दुकानात नाही. मात्र ते वेगळे काढण्याच्या रीतीचे पेटंट त्यांनी घेतले नाही, ती जगाला तशीच देऊन टाकली, असे वाचले तेव्हा या नावाच्या धंद्यात पैसे मागताना जीभ का अडखळते याचा मला थोडा उलगडा झाला.

नंबरपाट्यांचे काम होते तोवर दराचा प्रश्न फारसा पडत नसे, कारण गावभर एकच दर होता. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्या शोरूममधूनच सरकारी नमुन्याची पाटी लावून येऊ लागल्या आणि माझ्या वाट्याला उरली ती हौस. हौसेला मोल नसते असे आपल्याकडे म्हणतात. गिऱ्हाईक ते शब्दशः घेते.

सुरुवातीला मी चौरस फुटाने दर लावत असे. ही पद्धत मोडून काढली ती गणिताच्या एका निवृत्त गुरुजींनी. त्यांना गाडीच्या मागच्या काचेवर ‘विठ्ठल विठ्ठल’ असे हवे होते. मी लांबी-रुंदीचा गुणाकार करून आकडा सांगितला, तेव्हा त्यांनी खिशातून टेप काढला आणि अत्यंत शांतपणे विचारले, “यात ‘ठ’मधलं भोक धरलंय का?”

“गुरुजी, भोक कसं धरणार? ते काढूनच टाकायचं असतं.”

“मग ते रेडियम तुमच्याकडंच राहणार. त्याचे पैसे मी का द्यावेत?”

एका विठ्ठलात दोन ‘ठ’, म्हणजे एकूण चार वर्तुळे. गुरुजींनी त्रिज्या मोजून, पाय आर वर्गाने क्षेत्रफळ काढून माझ्याच बिलबुकावर वजाबाकी करून दाखवली. ‘व’च्या पोटाकडे त्यांचे लक्ष जाण्याच्या आत मी होकार दिला. पैसे देऊन झाल्यावर, शिंप्याकडे उरलेले कापड मागावे तशा सहजतेने, ती चार वर्तुळेही त्यांनी नातवाला खेळायला म्हणून मागून घेतली.

गुरुजींना मी सांगू शकलो नाही ते असे, की खरे कष्ट त्या भोकाचेच असतात. मशीन कापते हे खरे, पण ते फक्त रेघ मारते. त्याआधी संगणकावर, कोरल नावाच्या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये, अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींत जोडून घ्याव्या लागतात, नाही तर पाते प्रत्येक सांध्यावर काप देते आणि आशीर्वादाचे तुकडे होतात. कापून झाल्यावर नको असलेले सगळे रेडियम हाताने सोलायचे, ‘ठ’ची आणि ‘व’ची पोटे चिमट्याने टोकरायची, आणि हे करताना ‘ई’वरचा रफार आणि ‘बां’वरचा अनुस्वार जागेवरून हलू द्यायचा नाही. अनुस्वार ही मराठी रेडियमवाल्याची साडेसाती आहे. सोलताना तो कचऱ्याबरोबर उचलला जातो आणि अर्ध्या तासाने स्वतःच्या कोपरावर चिकटलेला सापडतो. अक्षर जितके लहान तितका हा जाच मोठा, म्हणून अर्ध्या इंचाच्या ओळीला मी फूटभर अक्षरापेक्षा जास्त पैसे सांगतो. त्यावर गिऱ्हाईक माझ्याकडे, वाटीला पातेल्याचा भाव सांगितल्यासारखे पाहते.

पुढे अक्षरामागे दर लावून पाहिला. ‘ज्ञानेश्वर’ ही अक्षरे किती, यावर दुकानात परिसंवाद झाला आणि चारच्या वर कोणी जाईना. मग वेळेवर दर लावला, तर एक तरुण मोबाइलमधले घड्याळ लावून समोर बसला आणि वीज गेली तेव्हा त्याने ते न विसरता थांबवले. स्वतः मात्र तो फोटो घेऊन आला होता तो पुढे धावणाऱ्या कुणाच्या तरी जीपचा, मागून, हलत्या गाडीतून काढलेला. त्या धुक्यातून महाराजांचा जिरेटोप रेखण्यात गेलेला दीड तास त्याने हिशेबात धरला नाही, कारण त्याच्या मते ते ‘नुसतं बघणं’ होते.

ठरलेला दर मिळण्याचीही वेगळी कथा आहे. आमच्या भागात “उसाचं बिल आलं की देतो” हे वाक्य नोटेसारखे चालते. गाळपाला घातलेल्या उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावेत असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. ते पुढे रेडियमवाल्यापर्यंत किती दिवसांत पोचावेत याबद्दल आदेशात काही नाही.

गेल्या खंडेनवमीला मशीनला हळदकुंकू वाहून मी नुकताच बसलो होतो. दसऱ्याच्या सहा गाड्या आधीच कबूल केलेल्या होत्या आणि तेवढ्यात एक टेम्पोवाले अण्णा आले. त्यांना दोन्ही बाजूंना नाव, मागे देवी आणि खाली नातवंडांची नावे हवी होती. त्यांनी दुसरीकडे जावे या शुद्ध हेतूने मी दुपटीने वाढवून साडेचार हजार सांगितले.

“बरं,” अण्णा म्हणाले. “किती वाजता गाडी आणू?”

अकरा वर्षांत मला असे कोणी म्हटले नव्हते. ती रात्र मी तळमळत काढली. साडेचारला जो माणूस पापणी हलवत नाही, तो किती हजारांपर्यंत थांबला असता, हा विचार डोक्यातून जाईना. शेवटी बायको कूस बदलून म्हणाली, “पाच म्हणायचं होतं, आता झोपा.”

सकाळी अण्णा सगळे पैसे रोख घेऊन आले आणि टेम्पोच्या बाजूकडे बोट दाखवून म्हणाले, “जुनं तेवढं काढून घेशीला नव्हं?”

जुने काढण्याचे पैसे आजवर कोणी दिलेले नाहीत आणि मीही साडेचार हजारांच्या ओझ्याखाली काही बोललो नाही. उन्हात करपलेले ते रेडियम नखाएवढ्या कपच्यांनी निघत होते. बायकोचा केस वाळवायचा ड्रायर आणून ते तापवले, रॉकेलने पुसले, प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडले. दोन बोटांची नखे गेली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि दसऱ्याच्या उरलेल्या गाड्या रस्त्यावर ओळीने उभ्या होत्या. हे कुठल्या गाढवाने चिकटवले आहे, असे मी मोठ्याने म्हणत असतानाच खालच्या कोपऱ्यातल्या धुळीखालून अर्ध्या इंचाच्या अक्षरांची एक ओळ वर आली. ती माझ्याच दुकानाच्या नावाची होती. अण्णांना आठवत होते. सात वर्षांपूर्वी ‘काही झालं तरी निघणार नाही’ असे सांगून मी त्यांच्याकडून दोनशे रुपये जास्त घेतले होते.