गेटवरचं गिऱ्हाईक

डोंबिवलीला आमच्या घरी वहिनी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. गेल्या महिन्यात सोसायटीच्या सभेत ठराव झाला की गिऱ्हाइकाने वर यायचं नाही, कपडे गेटवर वॉचमनकडे द्यायचे. वहिनीने विचारलं, मग माप कुठे घेऊ? त्यावर एक सभासद म्हणाले, "तुमची नणंद अमेरिकेत असते ना? तिला विचारा, तिथे असलं चालवून घेतात का."

विचारलंच आहे तर सांगते. मी नॅशव्हिलला राहते आणि इथे खरंच चालवून घेत नव्हते. घरात बसून काम करा, पण गिऱ्हाईक दारात येता कामा नये, असा मेट्रोचा, म्हणजे इथल्या महापालिकेचा, नियम होता. पाळणाघराला मात्र मुभा होती. वीकेंडला पार्टी करायला येणाऱ्या अनोळखी लोकांना घर भाड्याने देण्याचंही परमिट मिळायचं. शेवटी २०१७ साली घरात स्टुडिओ असलेला एक म्युझिक प्रोड्यूसर आणि केस कापणारी एक बाई कोर्टात गेले. २०२० मध्ये कौन्सिलने दिवसाला सहा गिऱ्हाइकांपर्यंत परवानगी दिली. म्हणजे ज्या नियमाचा दाखला डोंबिवलीत दिला जातो, तो इथल्या लोकांना भांडून बदलावा लागला.

लिफ्टवर ताण येतो, अनोळखी माणसं येतात, ही तक्रार मी खोटी म्हणणार नाही. त्यासाठी वेळ ठरवा, रजिस्टरमध्ये नाव लिहून घ्या. पण आपली परंपरा काय आहे? १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले, त्याची लिज्जत झाली. आपल्या विकास नियमावलीतही रहिवासी भागात घरच्या माणसांनी करायच्या घरगुती उद्योगांना जागा आहे. हे शहाणपण आपल्याकडे आधीपासून होतं.

मी इथे बेसमेंटमध्ये हार्मोनियम शिकवायचे, नियम बदलण्याच्या आधीपासून. मुलांना कल-डे-सॅकच्या, म्हणजे आमच्या बंद गल्लीच्या, तोंडाशीच उतरवा, ड्राइव्हवेत गाडी आणू नका, असं त्यांच्या आयांना सांगून ठेवलं होतं. बेल वाजली की आधी ब्लाइंड्स सारून बघायचे. आठ वर्षांच्या एका मुलाने विचारलं, "मावशी, आपण चोरून शिकतो का?" मी त्याला सा धरायला सांगितला.

आणि त्याच काळात, २०१८च्या सुट्टीत, मी डोंबिवलीला आले. तेव्हा शिवण आई करायची. गळ्यात टेप, दार सताड उघडं, तरी येणारी प्रत्येक बाई सवयीने बेल वाजवायची. जेटलॅगमुळे माझी झोप मोडली आणि मी ओरडले, "किती ही माणसं! आमच्याकडे तिकडे असलं चालवून घेत नाहीत." पॅसेजमध्ये दोन-तीन शेजारी उभे होते. आई काही बोलली नाही. दुपारी उठले तर बेलच्या बटणावर तिने अस्तराचा तुकडा टाके घालावेत तसा नीट चिकटवला होता, आणि बायका दारावर हलकेच टकटक करत होत्या.

वहिनी सोसायटीला अर्ज लिहिते आहे. नॅशव्हिलची सगळी हकीकत मी तिला पाठवली आहे. ते वाक्य त्या घरात पहिल्यांदा कोण बोललं, तेही कळवलं आहे.