गोंगाटात बोलायचंय? मग ओरडा की!

गोंगाटात कोणाशी बोलायचं असेल तर एक पथ्य पाळा, त्याच्या जवळ अजिबात जाऊ नका. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज साधारण 6 डेसिबलने जास्त पोचतो, तोही घशाला काही त्रास न देता, पण फुकटच्या गोष्टीला काय किंमत! त्यापेक्षा आहात तिथूनच बेंबीच्या देठापासून ओरडा, म्हणजे शेजारचं टोळकं आवाज चढवेल, मग त्यांच्यामुळे तुम्ही आणि तुमच्यामुळे ते, असं करत करत अख्खा हॉल बोंबलायला लागतो आणि जो तो म्हणतो, काय लोक आहेत, हळू बोलताच येत नाही.

यात तुमचा दोष नाही हं. कानावर गोंगाट पडला की माणसाचा आवाज आपसूक चढतो, नुसता मोठा होत नाही तर पट्टीही वर जाते आणि स्वर ताणले जातात, म्हणून तर 'अरे ऐक ना'चं 'अरेऽऽ ऐऽऽक नाऽऽ' होतं. बर्लिनमधले नाइटिंगेल पक्षीसुद्धा रहदारीत जोरात गातात, फक्त त्यांना मध्येच कोणी 'काय?' विचारत नाही.

'काय?'चं पण एक शास्त्र आहे. पहिल्यांदा साधं 'काय?', दुसऱ्यांदा कानामागे हात नेऊन 'कायऽऽ?', तिसऱ्यांदा विचारायचं नाही, हसून 'हो ना!' म्हणायचं, समोरचा सासरे गेल्याचं सांगत असला तरी. बोलणाऱ्यानेही तेच वाक्य शब्द न बदलता परत परत ओरडावं आणि तोंड दुसरीकडे करावं, नाहीतर ओठ बघून त्याला कळायचं!

हेडफोन लावून बोलणं ही तर फार वरची पायरी, खोलीत चिडीचूप शांतता आणि आपण मात्र कानातल्या गाण्याशी स्पर्धा करत 'मी हळूच बोलतोय' हे सगळ्यांना ओरडून सांगायचं.

आवाज चढण्याचा हा प्रकार 1911 साली मांडला एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच कान-नाक-घशाच्या डॉक्टरने, आणि त्याचा उपयोग काय, तर बहिरेपणाचं सोंग पकडणं. कानात गोंगाट सोडायचा आणि वाचायला लावायचं, ठार बहिरा असेल तर तो त्याच आवाजात वाचत राहतो, सोंग घेतलेल्याचा आवाज चढतो आणि बिचारा सापडतो. तेव्हा भांडी घासायला हाक आली आणि 'ऐकूच आलं नाही' म्हणायचं असेल तर मिक्सर चालू असताना तोंड उघडू नका.