रिचर्ड राइट यांचे नाव का गाळता?

आज कॉलेज रोडवरील एका कॅफेत पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या गाण्यांची संध्याकाळ होती. निवेदकाने बँडमधल्या बॅरेट, वॉटर्स, गिल्मर आणि मेसन यांची नावे आदराने घेतली, कीबोर्डवादक रिचर्ड राइट यांना सरळ वगळले, आणि लगेच लावले ते 'द ग्रेट गिग इन द स्काय', म्हणजे राइट यांनीच रचलेले संगीत! मला तिथे बसवेना.

पंचवटीतल्या घरी थोरल्या भावाने त्यांच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या अल्बमची कॅसेट प्रथम लावली, तेव्हा भजनाला पेटीची साथ करणारे आमचे वडील दारात थांबले. त्यांना इंग्रजी येत नव्हते, त्यांनी एवढेच विचारले, "पेटीवर कोण आहे रे?" गिटारबद्दल त्यांनी चौकशीही केली नाही.

वडिलांना जे एका ऐकण्यात उमगले, ते चाहते म्हणवणाऱ्यांना अजून उमगू नये? राइट १९६५ पासून बँडमध्ये होते. १९७३ च्या या अल्बममधील 'अस अँड देम'चे सूरही त्यांचेच. ते आधी इटालियन दिग्दर्शक अँटोनिओनी यांच्या चित्रपटासाठी बांधले होते आणि तिथे नाकारले गेले होते. अशा माणसाला १९७९ मध्ये 'द वॉल' या अल्बमच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी वॉटर्स यांनी बाहेर जायला लावले, आणि स्वतः उभारलेल्या बँडच्या मैफलींत राइट यांना पगारी वादक म्हणून वाजवावे लागले. हे वाचले की आजही माझे डोके फिरते.

शब्द वॉटर्स यांचे होते आणि त्या काळात राइट यांच्याकडून नवे फारसे येत नव्हते, हे मान्य. म्हणून आधीचे सगळे पुसायचे का?

वडील म्हणत, साथीदाराने गायकाच्या पुढे जायचे नसते, पण त्याला एकटेही सोडायचे नसते. राइट आयुष्यभर असेच वाजवत राहिले, बहुधा म्हणूनच ते कोणाच्या लक्षात राहिले नाहीत. १५ सप्टेंबर २००८ रोजी ते गेले, तेव्हा पिंक फ्लॉइड नेमके कोणाचे या भांडणांत राइट यांचे योगदान वारंवार विसरले गेले, असे गिल्मर यांनीच लिहिले. ते वाचून मला रडू आले होते.

ज्यांना वाद घालायचा असेल, त्यांनी आधी बँडच्या 'एकोज' या गाण्याचा आरंभ शांतपणे ऐकावा. लेस्ली या फिरत्या स्पीकरमधून घुमवलेला पियानोचा तो एकाकी सूर राइट यांचा आहे आणि गिटार त्यानंतर येते. मग खाली खुशाल लिहा.