अस्तराबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे

राम राम भाऊ,

२०२१ च्या दिवाळीत आमच्याकडून नेलेली कॅमेऱ्याची खांद्यावरची बॅग तुम्ही रोज वापरलीत आणि आता दोन स्टार देऊन लिहिलंत: आतलं अस्तर चिकट झालंय आणि त्याचे पापुद्रे लेन्सवर बसतात, सावदा-फैजपूर रस्त्यावर चालत्या मोटारसायकलवर पट्टा तुटला, कानबाईच्या विसर्जनाला पावसाचं पाणी आत गेलं, आणि दिवसभराचं लग्न केलं की खांदा वर होत नाही. उत्तराला चार दिवस लागले, कारण आधी कपाटातला त्याच वर्षीचा माल काढून तपासायचा होता.

अस्तराची चूक आमची आहे. त्या वर्षी आम्ही सुती अस्तर बंद करून आतून कोटिंग केलेलं नायलॉन लावायला लागलो. धूळ पटकन झटकली जाते, दिसतंही छान, एवढाच विचार केला. ते कोटिंग पॉलियुरेथेनचं. हवेतल्या ओलाव्याने ते आतून सुटत जातं, आणि उष्णता जेवढी जास्त तेवढं लवकर. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर, बॅग गाडीच्या डिकीत, आणि पाठोपाठ पावसाळा. आधी उग्र वास येतो, मग बोटाला चिकटतं, मग उन्हाने पाठ सोलावी तसे पापुद्रे निघतात. तुम्ही बॅग नीट ठेवली नाही असं कोणी म्हणत असेल तर ते खरं नाही. आमच्याकडे त्या मालातल्या दोन बॅगा कोऱ्या पडून होत्या, एकदाही न वापरलेल्या. त्यातल्या एकीत हात घातला तर अस्तर बोटांना चिकटलं.

मी स्वतः सहा वर्षं एकच बॅग रोज वापरतो. मोटारसायकलच्या सीटला घासून तिचा खालचा कोपरा पांढरा पडलाय, तळाचा फोम चपटा झालाय, पण आतून ती ठणठणीत आहे. तिला जुनं सुती अस्तर आहे. तिच्याकडे बघून मी नव्या मालाचीही खात्री देत राहिलो, हे मला जास्त लागलं.

पट्ट्याचा तुमचा फोटो मी मोठा करून पाहिला. शिवण उसवलेली नाही. टाके जागच्या जागी आहेत आणि पट्टीचे धागे एका सरळ रेषेत कापले गेलेत. म्हणजे दोष पट्टा ज्यात अडकतो त्या धातूच्या कडीचा. त्या कड्या तार वाकवून केलेल्या होत्या, जोड झाळलेला नव्हता. कडी फिरत फिरत तो जोड पट्टीखाली आला की गाडीच्या प्रत्येक हादऱ्याला करवतीसारखा चालतो. माझे वडील जळगावात केळीच्या ट्रकांच्या ताडपत्र्या शिवायचे. ते प्रत्येक कडीवरून अंगठा फिरवल्याशिवाय ती लावत नसत. आम्ही कड्या पाकिटातून काढल्या आणि तशाच लावल्या. तुम्ही कोपराने बॅग दाबून धरली म्हणून कॅमेरा वाचला, नाहीतर तुमचं मोठं नुकसान होतं. आता झाळलेल्या कड्याच लावतो, आणि अंगठाही फिरवतो.

पावसाचं असं आहे की जाड कॅनव्हास थोडा वेळ पाणी झेलतो, पण या बॅगेच्या झाकणाचे दोन्ही कोपरे उघडे राहतात आणि पाणी तिथूनच शिरतं. आमच्या मुलाने तुम्हाला ‘वॉटरप्रूफ’ सांगितलं असेल तर ते चुकलं. रेनकव्हर लागतंच. आणि भिजलेली बॅग बंद करून ठेवू नका, लेन्सला बुरशी धरते. रात्रभर उघडी ठेवा, सिलिका जेलचे निळे खडे गुलाबी झाले की बदला.

खांद्याच्या बाबतीत मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. दोन कॅमेरा बॉडी, चोवीस-सत्तर आणि सत्तर-दोनशे मिलिमीटरच्या दोन लेन्स, दोन फ्लॅश, बॅटऱ्या आणि बॅगेचं स्वतःचं वजन धरलं तर ६ किलोच्या पुढे जातं. एवढं ओझं एकाच खांद्यावर आठ-दहा तास कोणत्याच पट्ट्याने सुखाचं होत नाही, पॅड कितीही जाड लावा. ही बॅग एक बॉडी आणि दोन लेन्सची. झाकण उचललं की हात थेट कॅमेऱ्यावर पडतो, तेच तिचं काम. लग्नाचं सामान पाठीवरच्या बॅगेत न्या. हे आम्ही विकतानाच विचारायला हवं होतं, आता विचारतो.

झाकणावरचा केळीच्या चिकाचा डाग जाणार नाही. आम्ही लिंबू लावून पाहिलं, रॉकेल लावून पाहिलं, उगाच आशा दाखवत नाही.

बॅग दुकानात आणा. अस्तर पूर्ण काढून सुती लावतो, दोन्ही कड्या आणि पट्टा बदलतो, एक पैसा घेणार नाही. २०२१ पासून कोटिंगवाली बॅग ज्यांनी ज्यांनी नेली त्या सगळ्यांना हेच लागू आहे, बिल हरवलं असलं तरी. तोवर लेन्सवरचे पापुद्रे कापडाने पुसू नका, चिकटा काचेवर पसरतो. आधी ब्लोअरने, म्हणजे हवा मारायच्या रबरी फुग्याने उडवा.

कामाला चार दिवस लागतील. तुळशीचं लग्न झालं की तुमची धावपळ सुरू होईल, म्हणून त्याआधी आलात तर बरं. तेवढ्या दिवसांसाठी माझी जुनी बॅग घेऊन जा, रिकामी करून ठेवतो.