मधली भिंत शोभेची नाही

'टाक्यांना समांतर अक्ष प्रमेय लावायला विसरलात. अशा अर्धवट ज्ञानावरच बार्जेस बुडतात,' असं तुम्ही बार्जच्या (सपाट तळाच्या मालवाहू नौकेच्या) स्टॅबिलिटीवरच्या माझ्या लेखाखाली प्रतिक्रियेत लिहिलंत. पहिल्या अर्ध्या वाक्यावर बोलता आलं असतं. दुसऱ्याची गरज काय होती? तीस वर्षं स्टॅबिलिटीची आकडेमोड तपासतोय. आवाज चढला की गणित आधी तपासावं, एवढं कळतं.

एक चूक कबूल. मोमेंट ऑफ इनर्शियाचं (क्षेत्रफळ अक्षापासून किती पसरलंय याच्या मापाचं) एकक लेखात एका ठिकाणी मीटरचा घन असं पडलं होतं, चौथा घात हवा. दुरुस्त केलं.

आता प्रमेय: अक्ष क्षेत्राच्या मध्यापासून दूर असेल, तर मोमेंटमध्ये क्षेत्रफळ गुणिले अंतराचा वर्ग मिळवायचा. लेखातलीच बार्ज घ्या: लांबी 60 मीटर, रुंदी 12, ड्राफ्ट (पाण्याखालची खोली) 3, समुद्रात डिस्प्लेसमेंट (बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन) 2214 टन. तिच्यात 10 मीटर लांब, पूर्ण रुंदीची, गोड्या पाण्याने अर्धी भरलेली टाकी. टाकीतल्या पाण्याच्या पृष्ठभागाचं मोमेंट 10 × 12³ ÷ 12 = 1440. त्याला 2214 ने भागलं की जीएम (मेटासेंट्रिक उंची, कललेली नौका परत सरळ होण्याच्या क्षमतेचं माप) 0.65 मीटरने घटतो. मधोमध, लांबीच्या दिशेने, उभी बल्कहेड म्हणजे भिंत टाका: प्रत्येक भागाचे 10 × 6³ ÷ 12 = 180, दोन्हींचे 360, घट 0.16. चौथाईवर आली.

तुमच्या म्हणण्याप्रमाणे प्रत्येकात 60 × 3² = 540 मिळवू. झाले 720, दोन्हींचे 1440. म्हणजे भिंत नव्हती तेव्हा होते तेवढेच! मग यार्डात ती भिंत काय शोभेला वेल्ड करतात?

बार्ज कलली की पाणी आपापल्या टाकीतच सरकतं, भिंत ओलांडत नाही. म्हणून प्रत्येक टाकीचा अक्ष तिचा स्वतःचा. वॉटरप्लेनचं, म्हणजे पाण्याच्या पातळीवरच्या नौकेच्या छेदाचं, तसं नसतं. कॅटमरान या जोडनौकेचे दोन्ही हल (धडं) एकमेकांना जखडलेले, एक बुडतो तेव्हा दुसरा वर येतो. तिथे अंतराचा वर्ग घ्यावाच लागतो. 20 मीटर लांब, 2 मीटर रुंद हल मध्यरेषेपासून 3 मीटरवर असेल, तर त्याचे स्वतःचे 13.3 आणि अंतराचे 360. तुम्ही हा नियम उचलून टाकीत ओतलात.

  

तुमचे 1440 खरे ठरतील अशी एक वेळ आहे: दोन टाक्या जोडणाऱ्या पाइपावरचा क्रॉसओव्हर व्हॉल्व्ह उघडा राहिला तर. पाणी पाइपातून हळूहळू का होईना पलीकडे जातं, आणि भिंत असून नसल्यासारखी होते. पण तुमच्या प्रतिक्रियेत व्हॉल्व्ह हा शब्दच नाही. दोनदा शोधला.