अंगठा दिला म्हणजे आलात का?

आज डोकं फिरलंय, त्यामुळे मोठं लिहिणारे. वाचायचं तर वाचा.

झालं असं की मागच्या रविवारी बिल्डिंगच्या मागच्या मोकळ्या पट्ट्यात आम्ही झाडं लावली. आज एकाने ग्रुपवर त्याचा फोटो टाकला, खाली लिहिलं "आपण सगळ्यांनी मिळून केलेलं काम". तासाभरात ऐंशी-नव्वद बदाम. सगळ्यांनी?? ग्रुपवर माणसं १८६. पोलवर "नक्की येणार" म्हणणारे ६४. आणि सकाळी सात वाजता तीस रोपं, एक पहार, दोन कुदळी घेऊन खाली उभे होतो आम्ही चार जण. चार! त्यातला एक तर मुलाला क्लासला सोडायला निघालेला, गाडी निघेपर्यंत घमेलं धरून उभा राहिला बिचारा.

पाचव्या आल्या तळमजल्यावरच्या आजी. त्या ग्रुपवर नाहीत, त्यांच्याकडे साधा फोन आहे, बटणांचा. खिडकीतून आम्हाला खणताना बघितलं आणि बादली घेऊनच बाहेर आल्या. म्हणाल्या, "अगं, आज काय आहे?" मी म्हटलं, आजी, आठ दिवस झाले सांगतोय ग्रुपवर. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, फक्त "बरं" म्हणाल्या. ते "बरं" आठवडाभर डोक्यातून जात नाहीये.

कारण आम्ही खरंच समजून चाललो होतो की सगळ्यांना सांगितलंय. पूर्वी एक वही फिरायची आठवतंय? सूचना लिहिलेली, खाली सही करायची. वही आणणारा माणूस दारात उभा असायचा, त्याच्या तोंडावर "येते" म्हणायचं आणि मग न जाणं जड जायचं, दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठ पडणारच ना. आता कोणाच्या तोंडावर काही बोलावंच लागत नाही. २०२२ ला व्हॉट्सॲपने मेसेजवर रिॲक्शनची सोय दिली, पोलही त्याच वर्षी आले, तोपर्यंत निदान "येते" एवढं टाइप तरी करावं लागायचं! आता लिफ्टमध्ये उभ्या उभ्या अंगठा, आणि झालं सामाजिक कार्य. म्हणे एका ग्रुपात १०२४ माणसं मावतात. मावू देत, कुदळ धरायला चारच येणार.

हो, माहितीये, आता कमेंटमध्ये कोणीतरी सांगणार की रात्री दोनला रक्त लागलं तर याच ग्रुपवर माणूस मिळतो. मिळतो. २०१४ ला लोकांनी सोशल मीडियावर एकमेकांना आव्हान देत डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घेतलं त्यातून अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनला (एएलएस हा मज्जासंस्थेचा आजार, त्यासाठी काम करणारी संस्था) साडेअकरा कोटी डॉलर मिळाले, तेही खरं. आणि १९९० च्या दशकाच्या शेवटी टोरांटोजवळच्या एका नव्या वसाहतीचा अभ्यास झाला होता, तिथे ज्यांच्या घरी नेट होतं त्यांची शेजाऱ्यांशी ओळख जास्त निघाली, बिल्डरशी भांडायलाही ते ई-मेलवरूनच एकत्र आले. पण ते एकत्र आले हो! आम्ही ई-मेलवरून काय केलं असतं? बिल्डरला रागाचा इमोजी पाठवला असता.

असो. जरा जास्तच चिडले. आणि माझंही सांगते, कारण दुसऱ्यांना बोलायला काय जातं. दोन महिन्यांपूर्वी मागच्या गल्लीतल्या पोरांनी रक्तदान शिबिर ठेवलं होतं, मी अंगठा दिला, वर "खूप छान उपक्रम" लिहिलं, आणि त्या दिवशी घरात लोळत पडले होते. विसरले असते तरी एक वेळ ठीक होतं. मला चक्क वाटत होतं की माझ्या वाटचं काम मी केलंय. म्हणून त्या ६४ जणांवर धड रागावताही येत नाही. वाईट नाहीत ती माणसं. त्यातल्या कितींच्या दारावर मी स्वतः टकटक केली? शून्य. आजींचं दार तर जिन्याला लागूनच आहे, दिवसातून चार वेळा त्यावरून जाते मी.

(एवढं लिहून मध्येच खाली जाऊन आले. झाडांना पाणी घालायच्या पाळ्या लावल्यात, यादी ग्रुपवर आहे, आज माझी पाळी. पुढच्या आठवड्यातले तीन दिवस अजून रिकामे आहेत, यादीवर अंगठे मात्र पंचवीस.)

खाली गेले तर झाडांची सगळी आळी आधीच ओली. आजी नळाशी उभ्या राहून पाइप गुंडाळत होत्या. म्हटलं, आजी, आज माझा नंबर होता. तर म्हणाल्या, "हो का गं? मला काय माहीत, मी तर रोजच घालते."