चहूबाजूंनी तळं आणि कोरडा ब्रश

सोलापुरात गुरूशिवाय जलरंग शिकता येतात, उन्हाशिवाय मात्र नाही. सिद्धेश्वराचं देऊळ तळ्यात बेटासारखं, चारी बाजूंनी पाणी; आणि माझ्या कागदावरचं पाणी अर्धं आभाळ रंगवून होईस्तोवर गायब! मे महिन्यात पारा 42च्या पुढं गेला की ओल्यावर ओला रंग सोडणं ही निव्वळ हौस. रंग पसरायच्या आत थबकतो. घाबरून अर्धवट वाळलेल्या भागावर भिजका ब्रश टेकवावा, तर पाणी तिथल्या रंगाला कडेकडे ढकलतं आणि निरभ्र आभाळात फ्लॉवरचा गड्डा उगवतो. तो पुसू नये. पुसला की दोन होतात.

कागद जाड, 300 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम), पूर्ण कॉटनचा घ्यावा. दोन्ही बाजूंनी भिजवून पाचेक मिनिटं मुरू द्यावा आणि ॲक्रिलिकच्या पत्र्यावर पसरावा. प्लायवूड ओल पिऊन टाकतं, ॲक्रिलिक पीत नाही. रंगाच्या पाण्यात ग्लिसरीनचे दोन-चार थेंब चालतात. हात सैल सुटला तर चित्र दुसऱ्या दिवशीही बोटाला चिकटतं. बसायचं सकाळी सातला, नऊला गाशा गुंडाळायचा. जानेवारीत हवा मवाळ असते हे खरं, पण तेव्हा सिद्धेश्वराची जत्रा, गड्ड्याची जत्रा म्हणतात ती. स्टूल टेकवायला जागा मिळाली तर सिद्धरामेश्वरांची कृपा समजावी.

तळं निळं रंगवायचा मोह आवरावा. ट्यूबमधला तयार हिरवा तर माझ्या मते विकायलाच बंदी हवी. निळ्या अल्ट्रामरीनमध्ये मातकट पिवळा रॉ सिएना, वर तांबूस बर्न्ट सिएनाचा ठिपका. एवढ्यात पाणी खरं वाटू लागतं. प्रतिबिंब म्हणजे उलटी नक्कल नव्हे: उजळ भिंतीचं जरा गडद, किल्ल्याच्या काळसर तटाचं जरा फिकट.

आता परीक्षक. आपण स्वतः शिकलेले आहोत हे लोकांना पाठीवरून कळतं.

“काय काढायलाव काका?”

“देऊळ.”

“मग होडी कुठंय?”

तळ्यात होडी नाही, असं म्हणू नये. त्यावर चर्चा होते, आणखी दोघं थांबतात, कुणीतरी दुकानाच्या पाटीचा भाव विचारतं आणि तेवढ्यात आभाळ वाळतं. “काढतो की,” म्हणावं आणि ब्रश चालू ठेवावा.